वजन उतरलं नाही म्हणून चालणं सोडू नका

माझा मावसभाऊ पुण्यात एका कंपनीत हिशेबाचं काम करतो. वय 44. गेल्या पावसाळ्यात सोनोग्राफीत फॅटी लिव्हर, म्हणजे यकृतात साठलेली चरबी, निघालं आणि साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर. डॉक्टर म्हणाले, चाला. तो चालला. पहाटे उठून, छत्री घेऊन, रोज पाऊण तास, सलग तीन महिने. मग एके दिवशी बूट कोपऱ्यात गेले. ‘ताई, नव्वद किलोचे एकोणनव्वदसुद्धा झाले नाहीत. कशाला जीव काढायचा?’

मी त्याचे आधीचे आणि नंतरचे रिपोर्ट मागवून घेतले. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, खाली आलं होतं. जेवणानंतरची साखर खाली आली होती. पट्टा एक भोक आत गेला होता, हे त्याच्या बायकोनं सांगितलं. तीन महिन्यांत शरीर आतून सुधारायला लागलं होतं, आणि तो एकाच आकड्याकडे बघून निराश झाला होता. बघायचं कुठे हेच त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्यासारखे बूट कोपऱ्यात टाकलेले कितीतरी लोक मला भेटतात. म्हणून हे जरा सविस्तर लिहिते.

कणगी भरली की धान्य कुठे जातं?

चरबी ही शरीराची बेगमी. खाल्लेल्यातलं जे लगेच लागत नाही ते साठवून ठेवायचं, हे तिचं काम. कातडीखाली, मांड्यांवर, नितंबांवर साठलेली चरबी म्हणजे कणगीत नीट भरलेलं धान्य. दिसायला जास्त वाटेल, पण ती तुलनेनं कमी उपद्रवी असते. अडचण सुरू होते कणगी भरल्यावर. धान्य येतच राहतं. मग ते माजघरात, ओसरीवर, जिथे ठेवू नये तिथे ठेवावं लागतं. शरीरातही तसंच होतं. पोटाच्या आत आतड्यांभोवती, यकृतात, स्नायूंच्या तंतूंत, स्वादुपिंडातसुद्धा चरबी शिरते. तिथे ती गप्प पडून राहत नाही, त्या अवयवाच्या कामात ढवळाढवळ करते.

यकृताचंच बघा. रात्री आपण झोपलेले असताना मेंदूला साखर लागते, ती यकृत तयार करून पुरवतं. पुरेशी झाली की स्वादुपिंडातून येणारं इन्शुलिन हे संप्रेरक त्याला सांगतं, आता थांब. चरबीनं भरलेलं यकृत हे सांगणं नीट ऐकत नाही आणि साखर सोडतच राहतं. रात्री अर्धीच भाकरी खाऊनही सकाळी उपाशीपोटी साखर जास्त का येते, याचं एक मोठं कारण हे. जेवणानंतरची साखर जास्त राहते तेव्हा बहुतेक वेळा दोष स्नायूंकडे असतो, कारण इन्शुलिनच्या हुकमानं रक्तातली साखर उचलणारं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे स्नायू. इन्शुलिनचं सांगणं ऐकू न येणं, याला इन्शुलिनला होणारा प्रतिरोध म्हणतात. सुरुवातीला स्वादुपिंड जास्त इन्शुलिन ओतून निभावून नेतं. त्यामुळे कित्येक वर्षं साखर ‘नॉर्मल’ दिसते आणि आत बिघाड वाढत राहतो.

आपल्या लोकांची कणगी मुळात लहान असावी असं मानायला जागा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच एकत्र फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन सांगणारा आकडा, अगदी सारखा, 22.3. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के! सडपातळ दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या आतही चरबी दडलेली असते, हे त्या एका फोटोनं जगाला समजलं. म्हणूनच आपल्याकडे बीएमआय 23 ला जास्त वजन आणि 25 ला लठ्ठपणा धरतात. पाश्चात्त्यांचे आकडे 25 आणि 30 आहेत. कंबरेच्या घेराची आपली मर्यादा पुरुषांसाठी 90 सेंटिमीटर आणि बायकांसाठी 80.

यातून एक गोष्ट उघड होते. नव्वद किलोची दोन माणसं आतून अगदी वेगळी असू शकतात. म्हणून डॉक्टर पाच गोष्टी एकत्र बघतात: कंबरेचा घेर, रक्तदाब (130/85 च्या वर आहे का), उपाशीपोटी साखर (100 च्या वर), ट्रायग्लिसराइड (150 च्या वर) आणि चांगलं कोलेस्टेरॉल म्हणजे एचडीएल (पुरुषांत 40 च्या खाली, बायकांत 50 च्या खाली). यातल्या तीन बिघडल्या तर चयापचय बिघडलं असं समजायचं. या यादीत वजनाचा आकडा नाही, हे लक्षात घ्या.

स्नायूचं दुसरं दार

इन्शुलिनची किल्ली लागली की स्नायूच्या पेशीतले साखर वाहून नेणारे रेणू आतून पृष्ठभागावर येतात आणि साखर आत घेतात. या वाहकांना जीएलयूटी-4 म्हणतात. लठ्ठपणात ही किल्ली नीट फिरत नाही. पण त्याच वाहकांना वर बोलवायचा आणखी एक मार्ग शरीरात आहे, आणि त्याला इन्शुलिन लागतच नाही. स्नायू आकुंचन पावला, म्हणजे तुम्ही चाललात, जिना चढलात, पाण्याची कळशी उचललीत, की त्या हालचालीनंच वाहक वर येतात. पुढचं दार गंजलं असलं तरी परसदार उघडं असतं. ज्याचा इन्शुलिनचा प्रतिरोध सगळ्यात जास्त, त्याच्याही स्नायूंत हे परसदार चालतं. मला यातलं सगळ्यात दिलासा देणारं सत्य हेच वाटतं.

एकदा चांगली हालचाल झाली की पुढचा एक-दोन दिवस स्नायू इन्शुलिनचंही जास्त ऐकतो. मग तो परिणाम ओसरतो. त्यामुळे सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा करू नका असं मधुमेहाचे डॉक्टर सांगतात. रविवारी सिंहगड आणि सोमवार ते शनिवार खुर्ची, या वेळापत्रकात आठवड्याचे निम्मे दिवस तो परिणाम शिल्लकच नसतो.

पाऊण तास चाललं, उरलेल्या सोळा तासांचं काय?

व्यायाम न करणं आणि खूप बसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकच माणूस दोन्हींत असू शकतो, किंवा एकात असून दुसऱ्यात नसू शकतो. बैठं वागणं म्हणजे जागेपणी बसून, रेलून किंवा लोळून असताना शरीराचा खर्च विश्रांतीच्या दीडपटीपेक्षा वर न जाणं. माझ्या भावाचा दिवस मांडून बघू. झोप सात तास. पहाटेचं चालणं पाऊण तास. उरले सव्वासोळा तास. त्यातले नऊ-दहा तास कचेरीत संगणकासमोर, दोन तास गाडीत, रात्री जेवून टीव्हीसमोर दीड तास. पाऊण तास चालणारा हा माणूस शास्त्राच्या भाषेत ‘सक्रिय’ आणि ‘बैठा’ दोन्ही आहे.

बसण्याचा हिशेब पहिल्यांदा नीट मांडला तो लंडनच्या बसमध्ये. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1953 साली डबलडेकर बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना छापली. एकच खातं, साधारण सारखी परिस्थिती. ड्रायव्हर दिवसभर बसलेला. कंडक्टर तिकिटं फाडत खालीवर करणारा, दिवसाला पाचशेच्या वर पायऱ्या चढणारा. मुंबईत बेस्टच्या जुन्या डबलडेकरमध्ये ज्यांनी प्रवास केलाय त्यांच्या डोळ्यांपुढे हे चित्र लगेच येईल. हृदयविकार ड्रायव्हरांमध्ये जास्त निघाला. लोक म्हणाले, जाडी माणसंच ड्रायव्हर होत असतील. तेव्हा मॉरिस यांनी गणवेशांच्या नोंदी काढल्या आणि पँटच्या कंबरेची मापं तपासली. ड्रायव्हरांच्या पँटी खरंच मोठ्या होत्या. पण बारीक ड्रायव्हर आणि बारीक कंडक्टर, जाड ड्रायव्हर आणि जाड कंडक्टर अशा जोड्या लावल्या तरी अचानक मृत्यूचं प्रमाण ड्रायव्हरांतच जास्त राहिलं. म्हणजे जाड कंडक्टरलाही त्या पायऱ्या काहीतरी देत होत्या.

त्याच काळात, 1956 साली, ज्याँ मेयर आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी पश्चिम बंगालमधल्या एका ताग गिरणीतल्या 213 पुरुषांचं खाणं, वजन आणि काम तपासलं. कामगार जितकं जड काम करी तितकं जास्त खाई, हे अपेक्षितच. पण अगदी बैठं काम करणारे कमी खात असतील असं वाटलं होतं, ते तसं नव्हतं. थोडंफार हलणाऱ्यांपेक्षा ते जास्त खात होते आणि वजनानंही जास्त होते. बैठेपणाच्या एका मर्यादेखाली भुकेचा काटाच बिघडतो, असा त्याचा अर्थ लावला गेला. दिवसभर खुर्चीत बसून संध्याकाळी फरसाणाच्या डब्यात हात का जातो, याचा विचार मी तेव्हापासून वेगळ्या नजरेनं करते.

बसल्यावर आत नक्की काय होतं? उभं राहताना आणि चालताना मांड्या-पोटऱ्यांचे मोठे स्नायू सतत काम करत असतात. खुर्चीत ते जवळपास बंद पडतात. परसदार बंद. शिवाय रक्तातली चरबी फोडून स्नायूला इंधन म्हणून देणारं एक विकर (एन्झाइम) असतं, लायपोप्रोटीन लायपेज. उंदरांच्या मागच्या पायांवर भार पडू दिला नाही तेव्हा त्या पायांच्या स्नायूंतलं हे विकर दिवसभरातच फार खाली गेलं. माणसात गोष्टी इतक्या सरळ नसतात, पण दिशा तीच दिसते. कोपनहेगनमधल्या संशोधकांनी 2008 साली निरोगी तरुणांना चालणं कमी करायला सांगितलं, रोजच्या साधारण साडेदहा हजार पावलांवरून तेराशेच्या आसपास. लिफ्ट घ्या, गाडीनं जा, इतकंच. दोन आठवड्यांत त्यांच्या शरीराला तेवढ्याच साखरेसाठी जास्त इन्शुलिन लागू लागलं आणि पोटाच्या आतली चरबी 7 टक्क्यांनी वाढली. तरुण, निरोगी मुलं आणि अवघे दोन आठवडे. दिवाळीच्या सुट्टीइतका काळ!

आता उलट बाजू. ऑस्ट्रेलियात डेव्हिड डन्स्टन यांच्या गटानं जास्त वजनाच्या आणि लठ्ठ अशा 45 ते 65 वयाच्या 19 जणांना गोड पेय देऊन पाच तास बसवलं. एका दिवशी सलग. दुसऱ्या दिवशी दर वीस मिनिटांनी फक्त दोन मिनिटं सावकाश चालायला लावलं. तिसऱ्या दिवशी तीच दोन मिनिटं जरा झपाझप. सावकाश चाललेल्या दिवशी जेवणानंतरच्या साखरेचा चढ सुमारे 24 टक्क्यांनी कमी राहिला, झपाझप चालण्यानं सुमारे 30 टक्क्यांनी. घाम नाही, बूट नाहीत, फक्त उठणं. हा निष्कर्ष 2012 साली छापला गेला आणि लठ्ठ माणसांवरच तपासलेला आहे, म्हणून मला तो विशेष मोलाचा वाटतो. गुडघे दुखणाऱ्या, दम लागणाऱ्या माणसाला ‘पळा’ सांगणं क्रूर आहे. ‘दोन मिनिटं उठा’ हे त्याला जमण्यासारखं आहे.

आपल्याकडे याला नाव आहेच. शतपावली. माझी आजी रात्रीचं जेवण झालं की अंगणात तुळशीपासून फाटकापर्यंत फेऱ्या मारायची आणि आम्हा मुलांनाही सोबत घ्यायची. ‘अन्न अंगी लागतं’ एवढंच तिचं स्पष्टीकरण. अमेरिकेत 2013 साली साखर उंबरठ्यावर असलेल्या वृद्धांवर एक छोटा अभ्यास झाला. तिन्ही जेवणांनंतर पंधरा-पंधरा मिनिटं चालणं हे सकाळच्या सलग पाऊण तासाइतकंच दिवसभराच्या साखरेवर परिणाम करणारं ठरलं, आणि रात्रीच्या जेवणानंतरची साखर आवरण्यात तर सरस. रात्रीचं जेवण आपल्याकडे भरपेट आणि उशिरा, आणि त्यानंतर आपण बसतो नाहीतर आडवे होतो. शंभर पावलांवर मात्र थांबू नका. दहा-पंधरा मिनिटं चाला.

मग वजन का उतरत नाही?

कारण हिशेब फार लहान आहे. नव्वद किलोच्या माणसानं पाऊण तास बरं झपाझप चाललं तर जेमतेम दोनशे-अडीचशे कॅलरी जास्त खर्च होतात. परत येताना कोपऱ्यावरचा एक वडापाव, हिशेब फिटला. शिवाय शरीर हुशार आहे. व्यायाम झाला की भूक थोडी वाढवतं, आणि बाकीच्या दिवसात आपण नकळत कमी हलतो. निव्वळ चालण्यानं, खाणं न बदलता, फार तर दोन-तीन किलो उतरतात, तेही काही महिन्यांत. वजन मुख्यत्वे ताटात ठरतं. हे आधीच सांगितलं तर निराशा टळते.

पण काटा स्थिर असतानाही यकृतातली आणि पोटाच्या आतली चरबी व्यायामानं कमी होते. माजघरातलं धान्य हलतं. स्नायू थोडा वाढला, तर वजनात ते दिसतच नाही. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटानं साखर उंबरठ्यावर असलेल्या 531 भारतीयांवर अभ्यास केला, तो 2006 साली आला. ज्यांना चालणं आणि खाण्यातले बदल सांगून पाठपुरावा केला त्यांच्यात मधुमेह होण्याचा धोका 28.5 टक्क्यांनी घटला. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनच्या गोळीनं झालेली घट 26.4 टक्के, म्हणजे जवळपास तेवढीच. आणि जीवनशैली बदललेल्या या लोकांचं सरासरी वजन जवळजवळ उतरलंच नव्हतं! माझ्या भावाला मी हाच अभ्यास सांगितला.

याचा अर्थ वजन उतरवू नये असा नाही. पाच-सात टक्के वजन उतरलं तरी गुडघे, रक्तदाब, झोपेतलं घोरणं, साखर सगळ्यांनाच फरक पडतो. आणि फार लठ्ठपणा असेल तर औषधं, शस्त्रक्रिया हे रास्त उपचार आहेत, त्यात कमीपणा काही नाही. फक्त वजन झपाट्यानं उतरताना, मग ते उपासानं असो की हल्लीच्या इंजेक्शनांनी, चरबीबरोबर स्नायूही उतरतो. साखर उचलणारं गिऱ्हाईकच बारीक झालं तर पुढे महागात पडतं. म्हणून आठवड्यातून दोन दिवस तरी ताकदीचे व्यायाम हवेत: खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात लावून जोर, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं. जिमची फी भरलीच पाहिजे असं नाही.

आणि एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. लठ्ठ माणसाला आळशी म्हणणं बंद करा. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये जेम्स लेव्हिन यांनी 16 जणांना आठ आठवडे रोज गरजेपेक्षा हजार कॅलरी जास्त खायला घातल्या. कुणाच्या अंगावर अर्धा किलोसुद्धा चरबी चढली नाही, कुणाच्या चार किलोंच्या वर चढली. फरक होता तो बारीकसारीक हालचालींचा: उठणं, फिरणं, चुळबुळ. काहींचं शरीर जास्त खाल्लं की आपोआप जास्त हलतं, काहींचं हलत नाही. ही माणसाची लायकी नाही, त्याची घडण आहे. त्यात वजन वाढलं की गुडघे दुखतात, दम लागतो, बागेत लोक बघतात, मग माणूस आणखी बसतो.

कुठून सुरुवात करायची?

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम दमाची हालचाल सांगते. बोलता येईल पण गाता येणार नाही, तो मध्यम दम. दहा लाखांवर लोकांची माहिती एकत्र करून 2016 साली असं दिसलं की दिवसाला आठ तासांपेक्षा जास्त बसणाऱ्यांचा अकाली मृत्यूचा वाढीव धोका पुसायला रोज 60 ते 75 मिनिटं मध्यम व्यायाम लागतो. इतका वेळ थोड्याच लोकांकडे असतो. म्हणून मी आधी बसणं मोडा म्हणते. फोन आला की उभं राहून बोला. पाण्याची बाटली जवळ ठेवू नका, पेला ठेवा, म्हणजे उठावं लागेल. दहा हजार पावलांचं दडपण नको. तो आकडा 1965 च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या एका पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून आला. फायदा त्याच्या कितीतरी आधीच सुरू होतो.

‘दिवसभर घरात राबते, मला कसला व्यायाम?’ असं अनेक बायका विचारतात. ओट्यापाशी उभं राहणं, केर-लादी हे बसण्यापेक्षा नक्कीच चांगलं आणि ते मोजायलाच हवं. पण त्यात दम लागत नसेल तर हृदय-फुफ्फुसांचा वाटा राहून जातो. महाराष्ट्रासह चार ठिकाणी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं (आयसीएमआर) केलेल्या आणि 2014 साली छापलेल्या पाहणीत 54.4 टक्के लोक पुरेशी हालचाल न करणारे निघाले, त्यात बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त. संध्याकाळची वीस मिनिटं बाईला स्वतःसाठी काढता यावीत, ही घरच्यांचीही जबाबदारी आहे.

जमिनीवर बसायची सवय असेल तर सोडू नका. टांझानियातले, शिकार करून आणि कंदमुळं गोळा करून जगणारे हाडझा लोक दिवसाला जवळपास दहा तास बसूनच असतात, आपल्या शहरी माणसासारखे. पण बराच वेळ उकिडवे. उकिडवं बसताना पायांचे स्नायू जागे असतात, खुर्चीत झोपतात. पाटावरून हात न टेकता उठणं हा आपल्या घरातला साधा व्यायाम डायनिंग टेबलानं घालवला. गुडघे दुखत असतील त्यांनी मात्र हट्ट करू नये.

ज्यांना इन्शुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या चालू आहेत त्यांनी चालणं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावं, साखर एकदम उतरू शकते. खिशात खडीसाखर ठेवा. पायाला संवेदना कमी असेल तर अनवाणी चालू नका. चालताना छातीत दडपण आलं तर थांबा आणि त्याच दिवशी दाखवा.

भावानं बूट पुन्हा घातलेत. आता पहाटे अर्धाच तास, पण दुपारच्या डब्यानंतर तो कचेरीच्या आवाराला दोन फेऱ्या मारतो आणि रात्री सोसायटीच्या फाटकापर्यंत मुलीला घेऊन जातो. महिन्याच्या पहिल्या रविवारी वहिनी शिंप्याची फीत घेऊन बेंबीच्या पातळीवर त्याचा घेर मोजतात आणि कॅलेंडरवर लिहून ठेवतात. मागच्या महिन्यात 101 होता. फॅटी लिव्हरची सोनोग्राफी परत जानेवारीत आहे.